आग्वास

पहिल्या दिवशी तो ओरडला
तेव्हा कचरू दाभाडे वाळूची बादली घेऊन धावला.
चूक त्याची नव्हती.
आमच्या कानाला त्यात आधी आग ऐकू आली,
मग वास.
अख्खी पाळी नाक वर करून उभी,
कुठं काय जळतंय ते हुंगत.
रोलिंग मिलमध्ये!
जत्रेत धूळ हुडकावी तसं.

एफ्राइन त्याचं नाव. मेक्सिकोचा फिटर,
नवा स्टँड बसवायला तीन महिन्यांसाठी जालन्यात आलेला.
हनुवटीवर भाजल्याचा जुना डाग,
पोह्यांसोबत कच्ची मिरची कचाकचा खायचा,
म्हणून मोईनभाईंनी त्याला पहिल्याच आठवड्यात
घरचा धरला.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलनं अर्थ सांगितला: पाणी.
तेही अनेकवचनात.
मराठीत पाण्याला अनेकवचन नाही,
जालन्यात तर एकवचनही नवव्या दिवशी येतं.

पण तू तर 'सरका' म्हणून ओरडलास ना?
हो, म्हणाला.
मग डबे बाजूला सारून त्यानं करून दाखवलं:
माडीवरची खिडकी, रात्रभराचं भांडं,
खालून चाललेला कुणी बापडा.
ओतायच्या आधी हाळी द्यायची, एवढी माणुसकी.
फार जुनी गोष्ट म्हणे,
खरी का खोटी त्यालाही ठाऊक नव्हतं.
कचरू म्हणाला, "वरून पाणी पडायलंय
अन् हे लोक पळायलेत?
आपल्याकडं घागरी घेऊन खाली उभे राहतेत की."

चंदनझिऱ्यात त्यानं खोली घेतली होती, आमच्याच गल्लीत.
एका सकाळी पोरं ओरडली, पाणी! पाणी!
हा शब्द त्याला आम्हीच शिकवला होता.
सगळी गल्ली टँकरकडं सुटली
आणि हा एकटा भिंतीला पाठ लावून,
दोन्ही हात डोक्यावर.
द्वारका संध्याकाळपर्यंत हसत होती:
तुमचा पाहुणा पाण्याला भेतो.
पुढच्या टँकरला मात्र पाइप त्यानंच धरला,
आणि भांडण लागल्यावर
दोन्ही बाजूंच्या शिव्याही त्यानंच खाल्ल्या.

मग श्रावणातली ती रात्रपाळी.
सळई गाळ्यातून सुटली.
लालभडक, बारा मीटर, कुठं वळेल सांगता येत नाही,
आणि कचरू पाठमोरा, चिमटा पुसत.
माझ्या घशात सरक, हट, अरे, मागं बघ
सगळे एकदम दारात अडकले.
तसंही दिवसभर आम्ही शेळीला सरक म्हणतो,
रिक्षाला सरक म्हणतो,
त्या शब्दानं कुणाचं पाऊल हलत नाही आता.
बाहेर पडला तो त्याचा.
गर्दी नसलेला, अजून न झिजलेला.

कचरूनं या वेळी वास घेतला नाही.
उडी मारली.
बुटाचा तळ गेला, पाय राहिला.
त्यानं नंतर मला चहा पाजला
आणि बुटाचे पैसेही मागितले.

एफ्राइन दिवाळीआधी परत गेला.
जाताना विमानतळावरून एकच शब्द पाठवला त्यानं,
देवनागरीत, चुकीच्या वेलांटीनं: पाणि.
काळजी घ्या, असं असावं.
का तहान लागली होती, कोण जाणे.

आता पाळीवर सगळे तेच ओरडतात.
अंबडहून आलेली नवी पोरं
त्याला जालन्याचाच शब्द समजतात. समजू देत.

नळ रात्री दोनला येतो.
आधी नुसती हवा फुसफुसते, मग खोकला,
मग मी द्वारकाच्या कानाशी हळूच म्हणतो, आग्वास.
ती डोळे न उघडता हंडा लावते.
पहिला तांब्याभर गंजाचा,
तो टाकायला दार उघडतो.
गल्लीत कुणी नसतं.
कुत्रंसुद्धा नसतं.
तरी ओतायच्या आधी
मी एकदा ओरडतो.